उंचीचा रकाना

४ फेब्रुवारी

ताई,

“तुला तो सापडायला नकोय, तुला हे संपायला हवंय.”

शवागाराच्या पायऱ्यांवर तुम्ही हे म्हणालात, पर्स काखेत दाबलीत आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेलात. त्यानंतर आपण एकमेकींशी बोललो नाही. आई गेल्या तेव्हाही नाही. तुम्ही पुढच्या खोलीत बसलात, मी मागच्या.

तुमचं बरोबर होतं, निदान अर्धं. आत ट्रॉलीवर होता तो तुमचा भाऊ नव्हता. चादर वर झाली आणि मी लगेच ‘हो’ म्हणाले. इतके दिवस शोधून मी इतकी थकले होते, की कुठलाही पुरुष दाखवला असता तरी ‘हो’च म्हणाले असते. तुम्ही मात्र वाकून त्याचा डावा हात उलटा केलात. “हा बारक्या नाही. लहानपणी बारक्याच्या अंगठ्यात माझ्या मशीनची सुई गेली होती, ते नख पुन्हा कधी सरळ आलंच नाही. तू बायको ना त्याची?” तिथला माणूस एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने चादर परत ओढून घेतली.

हे पत्र भांडण उकरून काढायला लिहीत नाही. एक कामाची गोष्ट कळवायची आहे. मी बदली मागून घेतली. आधी जन्मदाखल्याच्या खिडकीवर होते, आता हरवलेल्या माणसांच्या नोंदी ठेवतात त्या विभागात बसते. कॉम्प्युटरमध्ये दोन मोठे तक्ते आहेत. एकात हरवलेली माणसं, दुसऱ्यात ओळख न पटलेले मृतदेह. आमचं काम म्हणजे या तक्त्यातलं कुणी त्या तक्त्यात आहे का, ते बघत राहणं. बदलीच्या अर्जात कारण लिहिलं, ‘घराजवळ’. खरं तर हे ऑफिस जास्त लांब आहे. साहेबांनी ते वाचलं नाही, की वाचून सोडून दिलं, कोण जाणे.

इथे टिकायचं तर क्वेरी लिहिता यायला हवी. क्वेरी म्हणजे मशीनला लेखी विचारलेला प्रश्न. शिकवायला एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले, तिरसट. कुणी नमस्कार केला तरी ‘बॅकअप घेतला का?’ असं विचारतात, म्हणून सगळे त्यांना बॅकअपकाका म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, तुमचं वय काय ते मी विचारत नाही, तुम्ही मला शंका काय ते विचारत चला. लाजून गप्प बसणारी माणसं फार महागात पडतात.”

त्यांचा पहिला धडा असा. कुठलीही नोंद बदलायच्या आधी तीच अट घालून नुसतं बघायचं. किती ओळी येतात, कुणाच्या येतात. खात्री पटली की मगच हात लावायचा. ऐकताना मला ती ट्रॉली आठवली. मी नेमकं उलटं केलं होतं.

तुमच्या भावाची नोंद मी अजून उघडलेली नाही. तुम्हाला वाटेल त्यासाठीच इथे आले. तसं नाही.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमच्या बारक्याची बायको


२७ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुम्ही घेतलंत. वाचलं असेल असं धरून लिहिते.

मागच्या आठवड्यात एक म्हातारा आमच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “मुलगी घरी आली. तिचं नाव काढून टाका.” एवढंच. कुठे होती, कशी होती, काही नाही. चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसता थकवा होता, जड ओझं उतरवल्यावर असतो तसा. त्या मुलीच्या ओळीत ‘हरवली’ होतं, ते मला ‘सापडली’ करायचं होतं.

अपडेटची क्वेरी मी बरोबर लिहिली होती. पहिल्या ओळीत काय बदलायचं ते, दुसऱ्या ओळीत कुणाचं. पण चालवताना माउसने फक्त पहिलीच ओळ निवडली गेली, आणि मशीन निवडलेलं तेवढंच चालवतं. कुणाचं बदलायचं हे त्याला मी सांगितलंच नाही, मग त्याने सगळ्यांचं बदललं. तक्त्यात वरपासून खालपर्यंत, सगळी माणसं सापडली.

घाबरू नका, बुडालं काही नाही. काकांनी सवय लावली आहे की आधी ‘बिगिन’ लिहायचं. मग शेवटी ‘कमिट’ म्हणेपर्यंत सगळं कच्चं असतं, ‘रोलबॅक’ म्हटलं की होतं तसं होतं. मला तेवढा एक शब्द टाइप करायचा होता.

मी केला नाही. लगेच नाही केला. त्या पडद्यावर मी तुमच्या भावाचं नाव शोधलं. त्याच्यापुढेही ‘सापडली’ असंच होतं.

ताई, ते मी बघत बसले. हे फक्त माझ्याच पडद्यावर आहे, बाहेर कुणालाच दिसत नाही, हे मला कळत होतं. पण माझं काम अर्धवट लटकलं होतं, त्यामुळे तक्त्याला कुलूप बसलं होतं आणि दुसऱ्या कुणालाच त्यात काही लिहिता येत नव्हतं. फोन वाजायला लागले. पलीकडच्या टेबलावरची म्हणाली, “सिस्टीम झोपली वाटतं, चहा घेऊन येऊ या.” काका चष्मा कपाळावर सारून माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडदा वाचला, नाव वाचलं. आडनावावरून त्यांना कळलं असणार.

मला वाटलं ओरडतील. ते हळू म्हणाले, “बाई, बाहेर लोक खोळंबलेत.”

मी रोलबॅक केलं. सगळी माणसं परत हरवली.

नंतर त्यांनी मला ‘सेव्हपॉइंट’ शिकवला. लांबलचक काम करताना मध्ये मध्ये खुणेचा दगड ठेवायचा, म्हणजे चुकलं तर अगदी आरंभाला जावं लागत नाही, शेवटच्या दगडापाशी परतता येतं. मी विचारलं, “कमिट झाल्यावर परतता येतं का?” ते म्हणाले, “मग बॅकअप लागतो. तो घेतला होता का?” आणि स्वतःच हसले. मीही हसले. खूप दिवसांनी.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. त्याची नोंद मी इथे आल्या दिवशीच उघडली होती.

तुमच्या बारक्याची बायको


१९ मार्च

ताई,

हे पत्र नीट वाचा. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे दर सोमवारी मशीन दोन्ही तक्ते एकमेकांपुढे धरतं. पुरुषापुढे पुरुष, वय जवळपास, उंची जवळपास. ज्यांची गाठ बसण्यासारखी दिसते त्या जोड्या तिसऱ्या तक्त्यात जातात, मग माणसं त्या एकेक तपासतात. आणि ज्यांची कुणाशीच जोडी लागली नाही, त्यांचा वेगळा अहवाल निघतो. तो अहवाल कित्येक वर्षं कोरा येतोय. सगळे त्यावर खूश होते. साहेब बैठकीत सांगायचे, आपल्याकडे एकही माणूस तपासायचा राहिलेला नाही.

आपणही तेच समजत होतो ना? तुम्ही तिकडे, मी इकडे. बाकी कुणी नाही तर निदान मशीन त्याला शोधतंय.

काकांनी मला तो अहवाल सरावासाठी दिला. “ही जुनी क्वेरी आहे. हिच्यात खोट आहे. सापडली तर कचोरी माझी... नको, तुम्हाला तळकट चालत नाही. पेन देईन.” मी दोन दिवस ती घेऊन बसले. ती साधी होती. जोड्यांच्या तक्त्यात ज्यांचे नोंदणी नंबर नाहीत, ते दाखव. ‘नॉट इन’. वाचायला सरळ वाटते. पण जोड्यांच्या तक्त्यात एका ओळीत कुणीतरी माणसाचा नंबर घालायचा विसरला होता. तिथे रिकामी जागा होती. त्या एका रिकाम्या जागेमुळे आख्खं उत्तर कोरं येत होतं.

मला कळेना. एका ओळीने सगळ्यांचं उत्तर कसं जाईल? काकांनी सांगितलं ते तुम्हाला सांगते. समजा एका खोलीत काही माणसं बसलीत आणि त्यातला एकजण तोंड झाकून बसलाय. दारावरच्या माणसाला विचारलं, आत कोण नाही ते सांग. तो प्रामाणिक असेल तर कुणाचंच नाव घेणार नाही. कारण ज्याचं नाव घ्यावं, तोंड झाकलेला नेमका तोच असू शकतो. म्हणून तो गप्प राहतो, आणि आपण समजतो सगळे आत आहेत.

मी ती क्वेरी ‘नॉट एक्झिस्ट्स’ने पुन्हा लिहिली. ती एकेकाला धरून विचारते, याची जोडी आहे का? असल्या रिकाम्या जागेने ती अडत नाही. चालवली, आणि कोऱ्या अहवालात माणसंच माणसं आली. पान संपलं, दुसरं भरलं. कित्येक वर्षांत कुणाशीही एकदाही न पडताळलेली माणसं. बहुतेकांचं वय तरी लिहिलेलं नव्हतं, नाही तर उंची.

तो त्यात आहे, ताई. त्याचा उंचीचा रकाना रिकामा आहे.

मी काकांना विचारलं, “रिकाम्या उंचीची कुणाच्या उंचीशी तुलना केली तर उत्तर काय येतं?”

“उत्तरच येत नाही. ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘माहीत नाही’ असं येतं. आणि मशीनला फक्त ‘हो’वाले हवे असतात. बाकीच्यांना ते न बोलता बाजूला काढतं. लग्न जुळवणाऱ्या बायकांसारखं.”

म्हणजे मशीनने त्याला शोधलंच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तो दर सोमवारी रांगेत उभा राहिला आणि दर सोमवारी बाजूला काढला गेला.

त्या दिवशी तो हरवल्याची तक्रार लिहून द्यायला तुम्ही गेला होतात. मी बस स्टँडवर त्याचा फोटो दाखवत फिरत होते. मी गेले असते तरी सेंटिमीटर मलाही सांगता आले नसते. माझं डोकं त्याच्या हनुवटीला लागायचं, एवढंच मला माहीत. तेव्हा याचा अर्थ भलता काढू नका. तुम्हाला त्याची उंची कुठे लिहिलेली सापडली, शाळेच्या दाखल्यावर, कुठेही, तर मला कळवा. बाकी काही लिहू नका, नुसता आकडा चालेल.

तुमच्या बारक्याची बायको


९ एप्रिल

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, खडूने कापडावर आखल्यासारखं.

“खांदा साडेसतरा. बाही चोवीस. गळा पंधरा. उंची शिंपी मोजत नाही. जे माहीत नव्हतं ते लिहून दिलं नाही. अंदाजाने ठोकून द्यायची सवय तुला असेल, मला नाही.”

मी ते दहा वेळा वाचलं. त्या शेवटच्या वाक्यात ट्रॉली आहे, मला दिसली. मी ते चुपचाप घेते.

पण तुम्ही रात्रंदिवस मनाशी जे घोकत बसला असाल ते सोडा. तुम्ही चुकला नाहीत. ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर होतं आणि ते तुम्ही दिलंत. ज्यांनी क्वेरी लिहिली त्यांना खऱ्या ‘माहीत नाही’चं काय करायचं ते माहीत नव्हतं. काका तर म्हणाले, “तुमच्या नणंदबाईंनी अंदाजाने आकडा टाकला असता तर चुकीच्या माणसाशी जोडी लागली असती आणि तुम्ही ती खरी मानली असती.” त्यांना आपलं शवागारातलं काही माहीत नाही. तरी बरोबर माझ्याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

आता जे सांगायला इतके दिवस टाळाटाळ केली ते सांगते.

मी नवी क्वेरी लिहिली. उंची जुळते, किंवा दोघांपैकी एकाची लिहिलेलीच नाही, असे सगळे दाखव. आधी नुसतं बघितलं, हात कशालाच लावला नाही. त्याच्यासमोर बरेच आले. वयावरून गेले, तारखेवरून गेले, जुन्या ऑपरेशनच्या खुणांवरून गेले. एक उरला.

तुमचा भाऊ घरातून गेला त्याच महिन्यात, कालव्याच्या खालच्या टोकाला, लांबच्या गावात सापडलेला. पाण्यात फार दिवस होता. चेहऱ्यावरून, हातांवरून काही सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून अंगठ्याचं मला विचारू नका, मी पहिलं तेच शोधलं. त्याला तिथेच पुरलंय, नंबर लावून. कपडे पाकिटात जपून ठेवलेत. शेऱ्याच्या रकान्यात एवढंच आहे: शर्ट फिकट निळा, लेबल नाही, घरी किंवा शिंप्याकडे शिवलेला, छातीच्या खिशाच्या आत दुसरा लहान खिसा.

घड्याळं दुरुस्त करताना त्याचे बारीक स्क्रू हरवायचे. “ताई, माझ्या खिशाला एक खिसा शिव,” असं तो तुम्हाला म्हणाला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, “उद्या त्या खिशालाही खिसा मागशील.” माझ्या लग्नानंतरचा पहिलाच शर्ट होता तो. तेव्हा मी तुम्हाला वन्सं म्हणत होते आणि तुम्ही दोऱ्याचं टोक दातांनी तोडत म्हणालात, “वन्सं म्हणू नकोस गं, एकदम म्हातारी झाल्यासारखं वाटतं. ताई म्हण.”

तसा खिसा दुसऱ्या कुणी शिंप्यानेही शिवला असेल. मी यावेळी ‘हो’ म्हटलेलं नाही. कुणालाच म्हटलेलं नाही. काकांनाही नाही. माझ्या क्वेरीने एक ओळ दिली आहे, तिने खात्री दिलेली नाही.

खात्री रक्ताची लागते. त्या माणसाचा नमुना प्रयोगशाळेत आहे. तो जुळवायला सख्ख्या नात्यातलं कुणी हवं. मी विचारून बघितलं. मी त्याच्याबरोबर सोळा वर्षं एका ताटात जेवले, पण माझं चालत नाही. आई नाहीत. मूल आम्हाला झालं नाही. आता तुम्ही एकट्याच उरलात. सुई टोचत नाहीत, गालाच्या आतून कापूस फिरवतात.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. दरवर्षी तुम्ही त्याच्या मापाचा एक शर्ट शिवता आणि दुकानात आतल्या दांडीवर लावता, हे मला तुमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. “गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं तर बाई म्हणतात, येईल.” मी त्या दांडीवरचा एकही शर्ट काढायला सांगत नाहीये. नमुना जुळला नाही तर दोन्ही ओळी आपापल्या जागी राहतात, तो हरवलेला राहतो, आणि या वेळेला मशीन त्याला खरोखर शोधायला लागतं. उंचीसाठी कुणी त्याला बाजूला काढणार नाही, ते मी बघितलंय. जुळला तर एक हुकूम आहे, ‘मर्ज’. तो दोन तक्त्यांतलं एकच माणूस ओळखून एका जागी आणतो. तो मला चालवायला लागेल. चालवताना चूक होऊ नये म्हणून मी आतापासून काकांकडे त्याचा सराव करते आहे, खोट्या नावांवर.

पायऱ्यांवर तुम्ही म्हणालात ते अर्धं बरोबर होतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. उरलेलं अर्धंही बरोबर आहे. मला हे संपायला हवंय. घराची बेल वाजली की मी अजून ओढणी सारखी करते. बाहेरून आल्यावर आधी दाराखाली चिठ्ठी आहे का ते बघते. त्याच्या बाजूची उशी धुते आणि परत तिथेच ठेवते. मला संपायला हवंय, ताई, आणि तरी तोच सापडायला हवाय. दुसऱ्या कुणाच्या मरणावर मला माझं संपवायचं नाही. म्हणून मी या वयात हे सगळं शिकत बसले.

येत्या मंगळवारी सकाळी मी त्या गावच्या ऑफिसात आहे. ऑफिस उघडलं की पाकीट दाखवतात. तुम्ही येणार नाही, हे मी धरूनच चालले आहे. तुमच्या जागी मीही आले नसते. एवढ्या लांब, तेही माझ्यासाठी.

पण आलातच तर तुमची टेप घेऊन या. फोनवर कळलं, त्या शर्टाचा खांदा तिथल्या कुणीतरी फूटपट्टीने मोजून पाकिटावर ‘अंदाजे’ असं लिहून ठेवलाय. तुम्ही मोजा. साडेसतरा भरला नाही तर तसं सांगा, मी तुम्हाला बसपर्यंत सोडेन आणि पुन्हा कधी पत्र लिहिणार नाही. भरला तर काही बोलू नका. नुसती टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवा आणि या वेळी रस्ता ओलांडून जाऊ नका. थोडा वेळ माझ्याजवळ पायरीवर बसा.

तुमच्या बारक्याची बायको